खुंटीची पावलं

माझ्या धाकट्या जावेला इस्पितळात सगळे खुंटी म्हणायचे. नाव ठेवलं गाडीवालीने. ही गाडीवाली म्हणजे आजाऱ्यांना चाकाच्या गाडीवर निजवून या खोलीतून त्या खोलीत ढकलत नेणारी बाई, तोंडाने फटकळ आणि पायाला भिंगरी. तिने चिडवायला म्हणून ठेवलं, पण जाऊ चिडली नाही. म्हणाली, "बरंय की. खुंटीला निदान कुणी धाव म्हणत नाही." झालं, तेच नाव पडलं. घरी माझ्या नातीनेसुद्धा तेच उचललं. मी दोनतीनदा डोळे वटारले, मग मीही तेच म्हणायला लागले.

तिचं काम होतं धरायचं. मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालतात त्या खोलीत ती एकतीस वर्षं होती. मोडका पाय टेबलावर टेकवून प्लास्टर घालता येत नाही, कारण ओली पट्टी खालून-वरून सगळीकडून गुंडाळायची असते. तेवढा वेळ तो पाय कुणीतरी अधांतरी धरावा लागतो. एक तळवा टाचेखाली, एक गुडघ्यामागे. पट्टी आपल्या हाताशी आली की हात सरकवायचा, पाय सरकू द्यायचा नाही. शिवाय नुसता झेलून भागत नाही, आपल्याकडे जरासा ओढून धरावा लागतो, नाहीतर आतली हाडं एकमेकांवर चढतात. आणि बोटं लावायची नाहीत. ओल्या प्लास्टरला बोटाने खड्डा पडला तर तो आतून कातडीला टोचत राहतो, आणि महिन्याने प्लास्टर काढावं तर तिथे जखम. सगळा भार तळव्यांवर. पट्टी आधी गार असते, घट्ट होऊ लागली की आपोआप तापते. तळव्यांना ऊब लागली की खुंटीला कळायचं, निम्मं झालं.

दणकट माणसाचा पाय म्हणजे भरलेली बादली. तशी बादली हात पुढे करून वीस मिनिटं धरून बघावी म्हणजे कळेल. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

या कामाला ती ठरवून गेली नव्हती. माझा दीर गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. इस्पितळात झाडू मारायला लागली. एक दिवस नेहमीचा धरणारा आला नाही, आणि प्लास्टरवाल्या मामांनी दारातून हाक मारली, "ओ बाई, जरा हे धरा." तिने झाडू भिंतीला टेकवला आणि धरलं. ते जरा एकतीस वर्षं चाललं.

घरी आली की हात कामातून गेलेले असायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायची. पुढे पुढे उजवा खांदा वर जाईना, तेव्हापासून तिची वेणी मी घालायची. मी थट्टेने विचारायची, "काय गं, एवढं दमायला दिवसभर केलंस तरी काय?"

"काही नाही ताई. उभी होते."

निवृत्तीला दहा महिने राहिले होते, तेव्हा इस्पितळात मोजणीसाहेब आले. कुठून आले, कुणी पाठवले, मला माहीत नाही. पण माणसं जास्त आहेत की कामं कमी आहेत, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी प्रत्येक मावशीला आणि प्रत्येक मामाला एक तक्ता दिला. तीन रकाने. काय उचललं, किती वजनाचं, किती लांब नेलं. वजनाला अंतराने गुणायचं आणि जे येईल ते तुमचं काम. अंतर मोजायला प्रत्येकाच्या कमरेला काडेपेटीएवढं यंत्र लावलं. पाऊल पडलं की आकडा एकाने पुढे. आठवडाभर लावायचं, आणि ज्याचं काम कमी भरेल त्याला धोबीखान्यात धाडायचं.

धोबीखाना तळघरात होता. अठ्ठेचाळीस पायऱ्या. चादरींची मळकी गाठोडी खाली न्यायची, धुतलेली वर आणायची. लिफ्ट होती, पण ती आजाऱ्यांसाठी. आणि एकतीस वर्षं उभं राहून खुंटीच्या गुडघ्यांचा पार भुगा झालेला. डॉक्टरीणबाईंनीच तिला बजावलं होतं, उभ्या राहा हवं तर, पण जिने चढू नका. हे दुखणं साहेबांना सांगावं, तर नोकरीलाच निकामी ठरवून घरी बसवतील ही भीती. आणि वर्षं पुरी भरायच्या आत घरी बसली असती तर म्हातारपणाला जे मिळणार होतं, त्यावर पाणी सोडावं लागलं असतं. तेव्हा तिला एवढंच हवं होतं, की दहा महिने त्याच खोलीत राहू द्यावं.

त्याच आठवड्यात माझी नात परीक्षेचं घोकत होती. संध्याकाळची वेळ, मी भाजी निवडत होते, खुंटी भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसलेली.

"काम म्हणजे बल गुणिले विस्थापन," नात मान हलवत म्हणत होती. "काम म्हणजे बल गुणिले विस्थापन."

"विस्थापन म्हणजे काय गं?" खुंटीने विचारलं.

"आपण जोर लावला आणि ती वस्तू जितकी सरकली, तितकं."

"आणि सरकलीच नाही तर?"

"तर काम शून्य."

"चांगला बादलीएवढा जड पाय असला तरी?"

"हत्तीचा असला तरी, धाकटी आजी."

"आणि मी घामाघूम झाले तर?"

"घामाचं त्यात काही नाही." नातीने पुस्तक पुन्हा चाळून बघितलं. "नाही, घाम नाहीच."

खुंटी हसायला लागली. खांदा दुखत होता म्हणून हसताना एका हाताने खांदा धरला. "म्हणजे मोजणीसाहेब तुझ्याच पुस्तकातून उठून आलाय म्हण की. एकतीस वर्षांचं सगळं मिळून शून्य. ताई, ऐकलंस का? आणि मी दमतेय."

नातीला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत बाईंना विचारलं आणि घरी येऊन सांगितलं, की धरून ठेवताना आपल्या हाताच्या आत बारीक बारीक तंतू सारखे ओढले जातात, सुटतात, पुन्हा ओढले जातात, म्हणून दमायला होतं. त्याची सगळी उष्णता होते. पण पायावर झालेलं काम शून्य ते शून्यच.

"आतल्या आत होतं ना?" खुंटी म्हणाली. "मग साहेबाला कुठून दिसणार?"

तीन दिवसांत तिच्या यंत्रावर रोज तीनशेच्या आसपास पावलं पडत होती. गाडीवालीच्या यंत्रावर रोजची वीस हजार. चौथ्या दिवशी सकाळी गाडीवालीने खुंटीला जिन्याखाली गाठलं आणि हात पुढे केला.

"दे इकडे तुझं ते."

"काय?"

"कमरेचं गं. मी दिवसभर भटकतेच आहे, एक लावलं काय आणि दोन लावली काय. तू आपली उभी राहा तुझ्या टंगड्या कवटाळून."

"अगं, कळलं तर?"

"कुणाला कळतंय? त्या मेल्याने अजून मान वर करून माझं तोंड पाहिलं नाही, कंबर काय बघणार आहे."

खुंटीने यंत्र दिलं. मला तिने त्या दिवशी सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. ओरडले असते का, हे आता सांगता येत नाही. तिचे गुडघे मी रोज शेकत होते, मीही कदाचित म्हटलं असतं, दे.

चार दिवस गाडीवाली दोन यंत्रं लावून फिरली. आणि या दोघींच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. खुंटीने वजनाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं होतं, माणसाचा पाय, अमुक किलो. साहेबांनी त्या वजनाला गाडीवालीच्या पावलांनी गुणलं. म्हणजे कागदावर आमची खुंटी माणसाचा पाय हातात घेऊन चार दिवस इस्पितळभर हिंडत होती. त्या पायाचा मालक तेव्हा कुठे होता, हे कुणी विचारलं नाही. आकडा आला तो गाडीवालीच्या खालोखाल, बाकी सगळ्या इस्पितळात पहिला.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. तिला वाटलं, सुटले. साहेब खुर्चीवरून अर्धवट उठले, म्हणाले, "मावशी, या वयात एवढा दम! तुम्हाला एका खोलीत कोंडून ठेवणं म्हणजे इस्पितळाचंच नुकसान. धोबीखान्यात अशाच माणसाची गरज आहे." आणि वर शाबासकीचं पत्र दिलं. टंकलेखन केलेलं, शिक्का मारलेला.

ते पत्र तिने घरी आणून माझ्या हातात दिलं आणि चपला न काढताच बसली.

"आता काय करायचं, ताई?"

"खरं सांग जाऊन."

"गाडीवालीला तीन पोरी आहेत. तिला काढून टाकलं तर?"

मग मी शेकायला पाणी तापत ठेवलं.

सोळा दिवस तिने गाठोडी वाहिली. खाली जाताना कठड्याला कंबर घासत, एकेक पायरी आडवा पाय टाकत. घरी येण्याआधी फाटकाशी दगडावर बसायची, उंबऱ्याची एक पायरी चढायला दम गोळा करायची. मी गुडघ्यांना शेक द्यायची, तर म्हणायची, "ताई, हे माझे राहिले नाहीत गं. दुसऱ्या कुणाचे तरी लावलेत." एकदा नातीने तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं, की गाठोडं खाली नेलं आणि तितकंच पुन्हा वर आणलं, तर पृथ्वीच्या ओढीने त्याच्यावर केलेलं काम उणं-अधिक होऊन शून्यच येतं.

"इथेही शून्यच?"

"पृथ्वीचं गं. तुझं नाही."

"कुणाचंही असो. दोन्हीकडे शून्यच यायचं, तर मला आपलं उभं राहून आलेलं शून्य बरं." आणि लगेच डोळा लागला तिचा, बसल्या बसल्या.

सतराव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दारात प्लास्टरवाले मामा उभे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी आले. हा माणूस मोजून मापून बोलायचा. पाणी प्यायले, भांडं पालथं घातलं.

"तुमच्या जागी चार जणी झाल्या," ते म्हणाले. "एक खोकते. एक बोटं लावते. तिसरीला मोडका पाय बघून चक्कर येते. चौथीचा हात मधेच खाली येतो. काल एका रंगाऱ्याचा पाय कापून पुन्हा घातला."

"अगं बाई! पाय?" मी म्हणाले.

"पाय नाही हो, प्लास्टर. तो पाय दोनदा बोंबलला." मग खुंटीकडे बघून म्हणाले, "तुमचं ते पत्र खोटं आहे. तुम्ही खोलीबाहेर कधी गेलात? मी उद्या सांगणार साहेबाला."

"मी सांगते," खुंटी म्हणाली. "पण मी गाडीवालीचं नाव घेणार नाही, आणि तुम्हीही घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर, तिला एकटीला जिना चढवेना. मी दारातल्या बाकावर बसले. दार उघडंच होतं. साहेब दिसायला अगदीच पोरगेलसे, सर्दीने नाक लाल झालेलं. मला वाटलं होतं कुणी तरी मिशीवाला असेल.

"साहेब, ती पावलं माझी नाहीत," खुंटीने आत जाताच सांगून टाकलं.

"कुठली पावलं?"

"तक्त्यातली."

"मग कुणाची?"

"ते मी नाही सांगणार. माझी नाहीत एवढं खरं."

साहेबांनी तक्ता शोधून काढला आणि बहुतेक पहिल्यांदाच ओळीने वाचला. "तीनशे बारा. दोनशे नव्वद. तीनशे चार. आणि चौथ्या दिवशी एकदम वीस हजार!" त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं. "हा फसवणुकीचा प्रकार आहे, मावशी. कुणाचं नाव आहे ते सांगा."

खुंटीने नकाराची मान हलवली. तेवढ्यात माझ्या पुढ्यातून चाकांची गाडी खडखडत आली, बाकाला धडकली, आणि गाडीवाली आत घुसली. ती कधीपासून जिन्याजवळ घुटमळत होती, देव जाणे.

"माझी पावलं आहेत साहेब. मी लावलं होतं तिचं यंत्र."

"दोन यंत्रं? का?"

"एकाने कंबर ओकीबोकी दिसत होती."

साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, या वेळी खरंच पाहिलं. मग ताकीद दिली, लेखी. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल म्हणाले. गाडीवालीने कागद घेतला, घडी घातली. मग घडीची घडी, तिचीही घडी. तोंड मात्र तसंच.

"आणि तुमचं," साहेब खुंटीला म्हणाले, "खरं काम म्हणजे ही दिवसाला तीनशे पावलं. हे तर सगळ्यांत कमी भरतंय. नियमाने पाहिलं तर तुम्ही धोबीखान्यातच राहणार."

"ती तीनशेसुद्धा चहाला जायची नि मोरीला जायची आहेत, साहेब," खुंटी म्हणाली. "कामाचं एकही पाऊल नाही त्यात."

मी बाकावर कपाळाला हात लावला. खरं बोलायचं म्हणजे किती बोलायचं, याला काही सुमार?

मामा आमच्या मागोमाग आले होते, ते इतका वेळ दाराच्या आत भिंतीशी उभे होते. हातावर सुकलेलं प्लास्टर, तसेच उठून आलेले. ते पुढे झाले.

"बरोबर सांगतेय ती," ते म्हणाले. "तुम्ही मला पावलं टाकणाऱ्या चार जणी दिल्यात. चौघींचं अंतर भरलं. चौथीच्या हातून पाय बोटभर सरकला, तेवढ्यात हाड सरकलं. मला सगळं प्लास्टर कापावं लागलं. माझ्या खोलीत अंतर शून्य आलं तरच काम झालं. शून्याच्या वर काही आलं, की तो माणूस लंगडा."

साहेब तक्त्याकडे बघत राहिले. पेन उघडलं, बंद केलं.

"पण मग मी गुणू कशाला?"

"गुणू नका," मामा म्हणाले.

साहेबांना एक शिंक आली, दुसरी येता येता राहिली. मग त्यांनी पट्टी घेतली, तक्त्याच्या कडेला हाताने एक रेघ मारून चौथा रकाना काढला आणि लिहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "अंतर शून्यच हवे. वाढल्यास काम बिघडते. संबंधित मावशी यांना निवृत्तीपर्यंत त्याच खोलीत ठेवावे." खाली सही केली आणि शाईवर फुंकर घातली. "शाबासकीचं पत्र परत द्या," ते म्हणाले. "ते आता नोंदीत बसत नाही."

खुंटीने ते पिशवीतून काढून दिलं. मला जरा हळहळ वाटली. घरात शिक्क्याचा तेवढा एकच कागद होता.

बाहेर आल्यावर गाडीवाली म्हणाली, "दहा महिने मिळाले ना? आता मला पेढे नको देऊस, फक्त माझ्या वाटेत उभी राहू नकोस," आणि गाडी घेऊन निघून गेली. खुंटी हसली नाही, रडलीही नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरली. मला वाटलं होतं, आज तरी घरी जाऊन निजेल. पण प्लास्टरच्या खोलीपुढे एक बाई गाडीवर पडलेली होती, छपरावरून घसरलेली, मांडीपासून खाली सगळा पाय सुजलेला. सकाळपासून धरायला कुणी नव्हतं म्हणून थांबलेली.

"ताई, तू बस," खुंटी मला म्हणाली. "एवढा एक."

मी समोरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. खुंटीने हात धुतले, पुसले, गुडघे टेबलाच्या कडेला टेकवून उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांवर तो पाय उचलून घेतला. मामांनी पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, गुंडाळायला लागले. ती बाई आधी कण्हत होती, मग थांबली. खुंटीचे डोळे मिटलेले.

"मावशी, झोपलात का हो?" बाईने घाबरून विचारलं.

"नाही गं. तू हलू नकोस म्हणजे झालं."

तिचा उजवा खांदा कापायला लागलेला मला इथून दिसत होता. पाय मात्र होता तिथेच होता. घड्याळात दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मामांनी प्लास्टरवर हलकेच टिचकी मारून पाहिली, कान खाली नेला.

"अजून जरा," ते म्हणाले.

"असू दे," खुंटी म्हणाली.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.